शणै गोंयबाब

वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर हे नाव बालाघाटच्या आमच्या वाचकांस कदाचित अपरिचित असेल. गोमंतकात मात्र 'शणै गोंयबाब' या टोपणनावाने ते आदराने स्मरले जातात. त्यांचा जन्म २३ जून १८७७ रोजी डिचोली येथे झाला. पुढे ते मुंबईस इटालियन वकिलातीत नोकरीस होते.

मुंबईत त्यांस काय दिसले? गोव्याचा माणूस घरात कोकणी बोले, परंतु चारचौघांत तिची लाज बाळगी. हिंदू मराठीकडे वळे, ख्रिस्ती पोर्तुगीज वा इंग्रजीकडे. एकाच भूमीची लेकरे परस्परांस परकी होत चालली होती. ही लाज आम्हां कोकणी भाषकांस ठाऊक आहे; घरी पवारी बोलणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसही ती अगदीच अनोळखी नसावी.

शणै गोंयबाबांनी नोकरी सांभाळून कोकणीत लिहिण्याचे व्रत घेतले. 'गोमंतोपनिषत्' या दोन भागांच्या कथासंग्रहात त्यांनी आपल्या लोकांचे जीवन रंगविले, मोलियेरच्या फ्रेंच नाटकांस कोकणी पेहराव चढविला, व्याकरण लिहिले, मुलांनाही विसरले नाहीत. कोकणीस मराठीची बोली म्हणणाऱ्यांवर त्यांची लेखणी फार तिखट होई; क्वचित गरजेहून अधिक, असे आम्हांस वाटते. गोव्याबाहेर वसलेल्या गोवेकरांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. त्याचा पहिला खंड १९२८ साली निघाला. आमच्यासारख्या दूरस्थांस तेच अधिक जवळचे.

९ एप्रिल १९४६ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. १९६१ चा गोवामुक्तीचा दिवस त्यांस पाहता आला नाही. १९९२ साली कोकणीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला.