कर्मवीर भाऊराव पाटील : खेड्याच्या वेशीवर हायस्कूल नेणारे ज्ञानदाते

जैन धर्माने सांगितलेल्या चतुर्विध दानांत ज्ञानदानाचे स्थान फार वरचे आहे. हे दान मंदिराच्या आवाराबाहेर, रयतेच्या झोपडीपर्यंत नेणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील होत. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. जुना राग काढण्याची संधी आयती चालून आली होती. परंतु त्यांनी कोठडी व छळ सोसला, असत्य मात्र उच्चारले नाही. सत्य व क्षमा हे धर्म त्यांनी असे आचरणात आणले.

स्वतः भाऊरावांना मॅट्रिकपर्यंतही पोहोचता आले नव्हते. ओगले काच कारखाना व किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीनिमित्त गावोगाव फिरताना बहुजनांचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत, एकत्र राबत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने व अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांच्या आहारदानावाचून हे ज्ञानदान उभेच राहिले नसते.

गावातील प्राथमिक शाळा संपली की शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षणही संपत असे. हायस्कूल दूरच्या शहरी, तेथे राहण्या-जेवण्याची सोय नाही आणि फी परवडणारी नाही. यावर उपाय म्हणून १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. श्रम करावेत आणि त्या बळावर शिकावे, ही तेथील रीत होती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ खेडोपाडी हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. १९४८ साली सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. तरीही माघार न घेता त्यांनी लोकांच्या आधारावर संस्था तगवून धरली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. त्यांच्या हयातीतच संस्थेच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडली.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब व पुणे विद्यापीठाची डी.लिट. पदवी लाभली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या बोर्डिंगचे दार त्यांच्यासाठी बंद झाले, त्याच समाजाला आज त्यांचा अभिमान वाटतो. मात्र त्या अभिमानाला अर्थ हवा असेल, तर धर्मादाय संस्थांची दारे सर्व जातींच्या लेकरांसाठी उघडी राहिली पाहिजेत. हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.