पडद्यावरचा कायमचा म्हातारा

४ मार्च १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात ऑस्कर सोहळा झाला, तेव्हा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला. ‘कम अँड गेट इट’ या चित्रपटासाठी तो वॉल्टर ब्रेनन यांना मिळाला. सहाय्यक कलाकारांना त्या काळी ऑस्करची प्रसिद्ध बाहुली मिळत नसे, नुसता फलक हाती पडे. असे तीन फलक ब्रेनन यांनी अवघ्या चार वर्षांत घरी नेले. अभिनयाची तीन ऑस्कर मिळवणारे ते पहिले कलाकार.

मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे २५ जुलै १८९४ रोजी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्याच्या तुकडीतून फ्रान्समध्ये लढले. पुढे लॉस एंजेलिसला येऊन जमिनींच्या व्यवहारात त्यांनी पैसा केला आणि मंदीत तो गमावलाही. मग पोटासाठी स्टुडिओचे फाटक गाठणे आले. कधी गर्दीतला एक चेहरा, कधी जोखमीची उडी, कधी एखादे वाक्य. श्रेयनामावलीत बहुधा नाव नाहीच. अशी कित्येक वर्षे गेली.

१९३२ च्या सुमारास चित्रीकरणातील एका अपघातात त्यांचे दात गेले. दुसरा एखादा नट यात संपला असता. ब्रेनन यांना मात्र त्यातून नवा चेहरा गवसला. कवळी काढली की गाल आत जात, उच्चार बोबडे होत आणि चाळिशीतला माणूस क्षणात सत्तरीचा दिसू लागे. ‘बार्बरी कोस्ट’साठी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्यासमोर गेल्यावर, भूमिका दातांसह करायची की दातांविना, एवढेच त्यांनी विचारले म्हणे. १९४८ च्या ‘रेड रिव्हर’मध्ये तर हॉक्स यांनी या कवळीचाच विनोदी प्रसंग केला. तिथला स्वयंपाकी ग्रूट पत्त्यांच्या डावात आपली कवळी हरतो आणि त्याला ती फक्त जेवणापुरती परत मिळते!

त्यांच्या पुरस्कारांविषयी हॉलिवूडमध्ये कुजबुज होतीच. त्या काळात काही वर्षे हजारो एक्स्ट्रा कलाकारांनाही ऑस्करसाठी मतदानाचा हक्क होता, आणि आपल्यातून वर गेलेल्या या माणसाला ते विसरले नव्हते. नंतर तो हक्क काढून घेण्यात आला. १९३८ च्या ‘केंटकी’तील घोडेवाल्या म्हाताऱ्याची भूमिका आज पाहिली, तर कुजबुजीत तथ्य वाटते. १९४० च्या ‘द वेस्टर्नर’बद्दल मात्र शंकेला जागा नाही. दारूच्या गुत्त्यात न्यायालय भरवणारा, माणसांना सहज फासावर चढवणारा आणि लिली लँग्ट्री या नटीच्या नुसत्या नावाने विरघळणारा न्यायाधीश रॉय बीन त्यांनी असा उभा केला, की गॅरी कूपरसारखा नायक समोर असूनही नजर त्यांच्यावरून हलत नाही.

पुढची भूमिकांची रांग मोठी आहे. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’मधला दारुडा एडी, ‘रिओ ब्राव्हो’मधला लंगडा, कुरकुऱ्या स्टंपी. या प्रेमळ म्हाताऱ्यांमध्ये जॉन फोर्ड यांच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मधला निर्दय क्लँटन वेगळा उठून दिसतो. स्वतःच्या मुलांवर चाबूक ओढणारा हा बाप पाहताना ब्रेनन यांचा नेहमीचा गोडवा कुठे आठवतही नाही. १९५७ ते १९६३ या काळात ‘द रिअल मॅककॉइज’ मालिकेतून ते अमेरिकेच्या घराघरांत आजोबा म्हणून पोहोचले.

पडद्यामागचा माणूस मात्र या आजोबांइतका सौम्य नव्हता. ते कट्टर उजव्या विचारांचे होते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीमागे त्यांना साम्यवाद्यांचा हात दिसे. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना रिपब्लिकन निक्सनही पुरेसे उजवे वाटले नाहीत. त्यांनी अतिउजव्या जॉन श्मिट्झ यांची पाठराखण केली. ज्या चेहऱ्यावर लोकांनी इतका जीव लावला, त्यामागची ही कटुता अनेक चाहत्यांना आजही पचत नाही.

२१ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे फुप्फुसाच्या विकाराने ब्रेनन यांचे निधन झाले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.