हेन्री मॉडस्ले

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींतील ओझे उचलणाऱ्या यंत्रांत, मग तो साधा जॅक असो की यंत्रमानव, पुष्कळदा आटे पाडलेला एक लांब दांडा असतो. दांडा फिरला की त्यावरील नट ओझ्यासह वर चढतो. आटे बारीक असल्यास ओझे सावकाश, पण थोड्या जोराने चढते आणि सहसा आपोआप खाली घसरत नाही. आटे फार तिरके असल्यास ते झटपट चढते. मात्र घसरण्याचे भय असते. म्हणून काम पाहून दांडा निवडावा लागतो. पण निवडावयास अचूक दांडे तरी हवेत! ते सुलभ करण्यात हेन्री मॉडस्ले याचा मोठा वाटा आहे.

त्याचा जन्म १७७१ साली इंग्लंडात वुलिच येथे झाला. बाराव्या वर्षी तो तेथील सरकारी शस्त्रागारात काडतुसे भरू लागला. पुढे त्यास सुतारकामास लावले. परंतु त्याचे चित्त लोहारशाळेकडे धावे. अठराव्या वर्षी ब्रामा या नामांकित कुलूपकाराने त्यास कामावर घेतले. तेथे तो मुख्य कारागीर झाला. आठवड्याच्या तीस शिलिंगांत संसार भागेना, म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा १७९७ मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी आटे बहुधा हातानेच पाडीत. एका बोल्टचा नट दुसऱ्यास बसत नसे. यंत्र उकलताना जोड्या मिसळल्या की कारागिराची त्रेधा उडे. मॉडस्लेने लेथवरील हत्यार हातात न धरता भक्कम सरकत्या बैठकीत बसविले आणि ती बैठक आटेदार दांड्याने सरकविली. दातेरी चाके बदलली की हवे तसे आटे पडू लागले. असे प्रयत्न पूर्वीही झाले होते. पण रोजच्या कामास टिकेल असे लोखंडी यंत्र त्याने उभे केले. अडचण एवढीच, की चांगले मळसूत्र पाडण्यास आधी एक चांगले मळसूत्र लागे! मऊ दंडगोल फिरवीत त्यावर तिरकी सुरी टेकवून त्याने ते चिकाटीने मिळविले. पुढे त्याने पाच फूट लांबीचे, इंचास पन्नास आटे असलेले मळसूत्र घडविले.

१८२५ साली थेम्स नदीखालील बोगद्यासाठी लागणारी प्रचंड लोखंडी ढाल त्याच्याच कारखान्यात तयार झाली. मागील विटांच्या बांधकामास रेटा देत ती मळसूत्रांनीच पुढे सरके.

१८३१ साली तो वारला. वुलिच येथील त्याचे थडगे ओतीव लोखंडाचे होते. त्याचा आराखडाही त्यानेच करून ठेवला होता.