चिक चॉकलेट : एका बँडवाल्याची गोष्ट

स्मरणिकेसाठी एखाद्या नामवंत व्यक्तीविषयी लिहा, असा समितीचा निरोप आला. मी एखाद्या शास्त्रज्ञावर नाहीतर संतावर लिहीन, असं सरांना वाटलं असेल. मी लिहितोय एका ट्रम्पेट वाजवणाऱ्यावर. का, ते शेवटी सांगतो.

अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. तेवढ्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर पोरं पोटापाण्यासाठी मुंबईला आली. वाझ त्यांतलेच. अमेरिकेचे लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचं दैवत. त्यांच्यासारखंच वाजवायचं, त्यांच्यासारखंच घोगऱ्या आवाजात गायचं. चिक चॉकलेट हे नाव घेऊन त्यांनी स्वतःचा जाझ बँड काढला आणि मुंबईतलं ग्रीन्स हॉटेल, ताज हॉटेल गाजवलं. लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

हॉटेलातलं वादन रात्री. दिवसा हीच मंडळी वाद्यं घेऊन सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. संगीतकार पेटीवर चाल बसवत. ती स्वरलिपीत उतरवून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन यांना वाटून देण्याचं काम बहुधा गोवेकर वादकांकडे असे. गाणं देशभर वाजायचं, पण वादकांची नावं क्वचितच कुठे छापली जात.

आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी चिक यांचा गुण ओळखला. १९५१ सालच्या ‘अलबेला’मधली भगवानदादांची गाणी आठवा. त्यांतला विलायती ठेका आणि ट्रम्पेटची ललकारी यांमागे चिक आणि त्यांचे सोबती होते. सिनेमातल्या एका गाण्यात तर हा बँड झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरच दिसतो. त्याच वर्षी चिक यांनी ‘नादान’ला संगीत दिलं. तलत महमूद यांनी गायलेलं त्यातलं गाणं इतकं हळुवार आहे, की ते एका जाझवाल्याचं आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. १९६७ साली, जेमतेम पन्नाशीत, ते गेले.

आता कारण सांगतो. आपल्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या घरी लग्नाचा बँड. लग्नसराईत रात्रभर वरातीत वाजवून तो पहिल्या तासाला डुलक्या घ्यायचा. आम्ही त्याला बँडवाल्या म्हणून चिडवायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे. एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत त्यानं ट्रम्पेटवर ‘अलबेला’तलं गाणं धरलं आणि अख्खं कुंभार पिंपळगाव थांबून ऐकत राहिलं. ते सूर मुळात कोणाचे, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

दहावीच्या निरोप समारंभात त्यानं, मी वाजवू का, असं विचारलं होतं. मीच नको म्हणालो. त्या दिवशी भाषणं झाली. त्यांतलं एकही आज मला आठवत नाही.

संमेलनाला तो येणार आहे. ट्रम्पेट घेऊन ये, असा निरोप मी पाठवलाय. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला दहा मिनिटं दिली आहेत. ती त्याला द्यावीत, एवढीच समितीला विनंती.