लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगरामुळे त्यांचे नाव सर्वदूर पोचले असले, तरी त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानातून झाला.

त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनाच्या बळावर ते मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

सायकलींचे दुकान

मुंबईत सायकल पाहिल्यावर त्यांनी बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात तिचा व्यवसाय सुरू केला. उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास, १८८६ मध्ये, सायकलस्वारांच्या संघटनांनी चांगल्या रस्त्यांच्या मागणीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. किर्लोस्कर बंधूंनी रस्त्यांसाठी चळवळ केली नाही. पण सायकल वापरात येण्यासाठी जे लागते, ते त्यांनी गावातच उभे केले. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. घेणाऱ्याला ती चालवताही येत नसे. म्हणून बंधू पंधरा रुपये शुल्क घेऊन सायकल शिकवीत आणि दुरुस्तीही करीत. विक्रीइतकेच हे शिकवणे महत्त्वाचे होते, कारण त्यातूनच गावात सरावलेले सायकलस्वार तयार झाले.

नांगर आणि किर्लोस्करवाडी

पुढे बढती नाकारली गेल्याने लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. येथेही वस्तू बनवण्याहून ती वापरणाऱ्याची खात्री पटवणे अवघड ठरले.

नव्या वसाहतीसाठी जागा सोडण्याचा आदेश बेळगाव नगरपालिकेने दिल्याने कारखान्यापुढे संकट उभे राहिले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. कामगारांची घरे कारखान्यालगतच बांधली गेली आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती.

जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. बेळगावात सायकलींचे दुकान ज्या रस्त्यावर होते, तो आता किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.