एक नदी, दोन सरकारे आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सारा देश घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. आम्ही त्यांना उद्धारकर्ता म्हणून वंदन करतो. पण या देशाच्या नद्यांना आणि विजेला धोरण देणारे, भांडणाऱ्या शेजाऱ्यांना एका टेबलाशी बसवून विकासाची वाटणी शिकवणारे बाबासाहेब किती जणांना माहीत आहेत? शालेय पुस्तकांत या बाबासाहेबांना फारशी जागा मिळाली नाही. आज शेजारी देशांबरोबरचे पाण्याचे करार डळमळत असताना त्यांचे ते कार्य समाजापुढे मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

पाण्याशी बाबासाहेबांचे नाते लहानपणापासूनचे. १९०१ साली साताऱ्याहून लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडीच्या त्या प्रवासात रात्रभर कोणी घोटभर पाणी दिले नाही. वडील सुभेदार रामजी तेव्हा कुठे होते? खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदत होते, तिथे ते कॅशियर होते. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे तहानलेली! पाणी असणे वेगळे आणि पाण्यावर हक्क असणे वेगळे, हा धडा भीमरावाला दहाव्या वर्षीच मिळाला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्या धड्याचे रणशिंग झाले.

दरम्यान कोलंबिया आणि लंडनमध्ये बाबासाहेबांनी अर्थशास्त्र कोळून प्यायले. १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिले आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असे मांडले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डी.एस्सी. मिळवली. १९२५ साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा, अधिकार आणि जबाबदारी कशी वाटली जाते, हा त्याचा विषय. पुढे नद्यांचा प्रश्न हाती आला तेव्हा हा अभ्यास कामी आला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. वर्षभरातच, १९४३ च्या जुलैत दामोदर फुटली. ही नदी छोटा नागपूरच्या डोंगरात, म्हणजे तेव्हाच्या बिहारात उगम पावते आणि बंगालमध्ये हुगळीला मिळते. पाऊस बिहारच्या डोंगरावर पडायचा, बुडायचे बंगालचे बर्दवान. त्या पुराने ग्रँड ट्रंक रोड तुटला, रेल्वे तुटली, कलकत्त्याचा उत्तरेशी संबंध तुटला. एकीकडे महायुद्ध, दुसरीकडे बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात तडफडत होती.

पूर थांबवायचा तर धरणे बिहारात बांधायला हवीत. म्हणजे जमीन बुडणार बिहारची आणि वाचणार बंगाल. मग बिहारने का ऐकावे? १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे हा प्रांतांचा विषय. दोन सरकारे आपापली हद्द धरून बसली, तर नदी कोणाचेच ऐकत नाही.

बंगालच्या चौकशी समितीत थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते, जातीचे चटके सोसून वर आलेले. या समितीने अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यासारखे प्राधिकरण सुचवले. बाबासाहेबांच्या खात्याने टेनेसीचे अनुभवी अभियंते वूर्डुइन यांना बोलावले. त्यांनी १९४४ साली आठ धरणांचा आराखडा दिला. नुसता पूर अडवायचा नाही. त्याच पाण्यावर वीज काढायची, शेते भिजवायची, नावा चालवायच्या, असा तो आराखडा होता. ३ जानेवारी आणि २३ ऑगस्ट १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या परिषदा बाबासाहेबांच्या पुढाकाराने झाल्या. त्यांची मांडणी सरळ होती. नदीचे खोरे एक आहे, म्हणून योजनाही एकच हवी आणि ती राबवणारी अधिकारसंपन्न संस्थाही एकच हवी.

५ एप्रिल १९४५ रोजी केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. तोच आजचा केंद्रीय जल आयोग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी महानदीचा प्रश्न घेतला आणि हिराकूडची वाट मोकळी झाली. जुलै १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. घटना लिहितानाही हा विचार त्यांनी सोडला नाही. केंद्र सूचीतील ५६ वी नोंद आणि कलम २६२ ही आंतरराज्य नद्यांसाठीची तरतूद त्याचीच साक्ष देते.

पुढच्या सरकारांनी मात्र हे काम अर्धवट केले. दामोदरवर महामंडळाने आठपैकी चारच धरणे बांधली. हिराकूडमध्ये लाखाहून अधिक माणसे उठवली गेली; दामोदर आणि महानदीच्या दोन्ही खोऱ्यांत आदिवासी आणि दलितांच्या पदरी पुनर्वसनाची वणवणच आली. १९५६ चा नदी मंडळ कायदा झाला, पण त्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. या पापाचे धनी बाबासाहेब नव्हेत, त्यांच्यानंतरचे राज्यकर्ते आहेत.

हाच प्रश्न देशाच्या सीमेवर आला तेव्हा काय झाले? २५ एप्रिल १९५४ रोजी भारत-नेपाळ कोसी करार झाला. बराज नेपाळच्या भूमीवर, कारभार भारताकडे. जमीन आमची आणि लाभ तुमचा, अशी नेपाळची तक्रार राहिली. बिहार-बंगालचेच भांडण, फक्त पासपोर्ट वेगळे! १९६६ साली करार सुधारला, पण दोघांची मिळून अधिकार असलेली आणि जबाबदार धरता येईल अशी संस्था उभी राहिली नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे बांध फुटला. बांध ज्या प्रवाहासाठी होता त्याच्या कितीतरी कमी पाण्यात फुटला. बिहारमध्ये ३० लाखांहून अधिक लोक पुरात सापडले. दुरुस्ती का झाली नाही, यावर दोन्हीकडून बोटे दाखवली गेली. सर्वांत शेवटी मदत पोचली ती मुसहर टोल्यांवर.

१९९६ च्या महाकाली करारातले पंचेश्वर धरण कागदावरच राहिले. बांगलादेशाबरोबरच्या गंगा कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. १९६० चा सिंधू करार युद्धांतही टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. दहशतवादाचा निषेध केलाच पाहिजे. पण नदीच्या खालच्या अंगाचा शेतकरी आणि मजूर कोणत्याही देशाचा असो, पहिला मार त्यालाच बसतो.

आमच्या काळेवाडीला हे परके नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणारी बिहारची माणसे, सोसायट्यांच्या गेटवर उभे असलेले नेपाळी बांधव इथेच भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या गावच्या नदीचा कारभार नीट असता, तर किती जणांना गाव सोडावे लागले असते? काळेवाडी आणि पिंपरी यांच्यामधून पवना वाहते. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने शहरात आणण्याच्या वादात मावळात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. वरच्या गावाला विश्वासात न घेता खालच्या शहराचा विकास आखला की असे होते. एका तालुक्यात हे घडते, तर दोन देशांत काय घडेल?

बाबासाहेबांना शेजारी देश परके नव्हते. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडच्या विहारात बसवलेली बुद्धमूर्ती ब्रह्मदेशातून, रंगूनहून आलेली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. त्यानंतर अवघ्या १६ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

शेजाऱ्यांत मैत्री भाषणांनी होत नाही. समान हिस्सा, लेखी हक्क आणि दोघांना बांधील संस्था असेल तरच ती टिकते, हे दामोदरने दाखवले. येत्या जयंतीला डीजेचा एक तास कमी करून वस्तीवस्तीत मजूरमंत्री बाबासाहेबांवर एक व्याख्यान ठेवा. तरुणांनी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड वाचावा. आणि पाण्याचा करार राज्यांचा असो की देशांचा, त्यात बुडणाऱ्याचा हिस्सा किती, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने सर्वांत आधी विचारावा.

जय भीम!