शिशाचे शिपाई आणि एच. जी. वेल्स

‘द टाइम मशीन’ लिहिणारा एच. जी. वेल्स आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतो, निदान सिनेमामुळे तरी. पण मित्रांनो, टेबलावर किंवा जमिनीवर खेळण्यातलं सैन्य मांडून जे युद्धाचे खेळ आज जगभर खेळले जातात, त्यांच्या नियमांचं एक अतिशय गाजलेलं पुस्तकही त्याचंच आहे. त्याचं नाव ‘लिटल वॉर्स’, साल १९१३. गेल्या सुट्टीत आम्ही चौघं चार गावांना होतो, म्हणून हा खेळ ऑनलाइन खेळता येईल असा कॉम्प्युटरवर आणायला घेतला. एकेक नियम कोडमध्ये बसवता बसवता मला खेळापेक्षा तो माणूसच जास्त आवडू लागला.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉम्ली गावी झाला. वडिलांचं भांड्यांचं छोटं दुकान होतं, पण ते काही धड चालत नव्हतं. क्रिकेट खेळून मिळणाऱ्या पैशांवर घराला आधार व्हायचा. १८७४ साली छोट्या वेल्सचा पाय मोडला. अंथरुणावर पडून राहिलेल्या पोराला वडिलांनी वाचनालयातून पुस्तकं आणून दिली आणि तिथून वाचनाचं जे वेड लागलं ते कायमचं. पुढे वडिलांचाही पाय मोडला, क्रिकेट सुटलं. आई एका मोठ्या घराण्याच्या वाड्यात कामाला लागली आणि पोराची रवानगी कापडाच्या दुकानात उमेदवारीला झाली. १८८१ ते १८८३ या काळात तो रोज तेरा-तेरा तास राबला, रात्री बाकीच्या उमेदवारांबरोबर एकाच दालनात झोपला. त्यापुढे आपल्या होस्टेलची खोली म्हणजे राजवाडाच म्हणायचा!

हे काम त्याने जिद्दीने सोडलं. शाळेत शिकवता शिकवता स्वतः शिकला आणि १८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला साक्षात टी. एच. हक्स्ली होते. पुढे अभ्यासातलं लक्ष उडालं आणि १८८७ साली वेल्स भूगर्भशास्त्रात चक्क नापास झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर के.टी. लागली. पण त्याच कॉलेजात त्याने मित्रांबरोबर एक मासिक सुरू केलं होतं, ‘सायन्स स्कूल्स जर्नल’. काळात प्रवास करणाऱ्या यंत्राची त्याची पहिली गोष्ट १८८८ मध्ये छापली गेली ती या विद्यार्थ्यांच्या मासिकात. तेव्हा आपल्या अंकासाठी लेख मागायला कोणी आलं तर सबमिशनचं कारण पुढे करू नका.

नंतर फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला मार बसला, तब्येत ढासळली, तरी १८९० मध्ये त्याने बी.एस्सी. पूर्ण केलं. १८९५ ला ‘द टाइम मशीन’, १८९७ ला ‘द इन्व्हिजिबल मॅन’, १८९८ ला ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ आलं आणि तो जगप्रसिद्ध झाला. घरात जॉर्ज आणि फ्रँक हे दोन मुलगे आले. त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून हा मोठा लेखक ठोकळ्यांची गावं वसवू लागला. त्यावर १९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ लिहिलं आणि दोन वर्षांनी ‘लिटल वॉर्स’.

या खेळाचं मूळ एका खेळण्यातल्या तोफेत आहे. स्प्रिंगवर चालणारी ही तोफ इंचभर लांबीची लाकडी गोळी उडवायची. वेल्सच्या म्हणण्याप्रमाणे नऊ यार्डांवरून, म्हणजे सुमारे आठ मीटरवरून, ती दहापैकी नऊ वेळा शिशाचा शिपाई पाडायची. आधी गालिच्यावर विश्वकोशाचे खंड मांडून त्याने मित्रांबरोबर लढाई केली, मग हळूहळू नियम बसत गेले.

यातले बरेच नियम कॉम्प्युटरवर आणणं सोपं गेलं. आम्ही टेबलटॉप सिम्युलेटर वापरला आणि ल्युआत स्क्रिप्ट लिहिली. पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट; हे मोजायचं काम मशीनचं. चाल किती वेळात संपवायची, तर दर तीस शिपायांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट; तिथे टायमर लावला. सैन्य मांडेपर्यंत वेल्स मैदानाच्या मधोमध पडदा ओढायचा. आम्ही एकाची बाजू दुसऱ्याच्या स्क्रीनवर लपवली. शिपाई हातघाईवर आले की एकास एक बाद. ही वजाबाकीही मशीनने करावी.

गाडी अडली ती तोफेपाशी. तोफेजवळ सहा इंचांत चार शिपाई हवेत, हे तपासता येतं. पण नेमाचं काय? माझ्या रूममेटचं म्हणणं, अंतरानुसार टक्केवारी ठरवू आणि रँडम नंबरने निकाल लावू. काम एका संध्याकाळीत झालं असतं. पण वेल्सने तोफेसाठी फासा ठेवलेलाच नाही. त्याच्या खेळात गोळी खरोखर उडते आणि ती चुकली तर हात आपलाच चुकलेला असतो. नशिबावर ढकलायची सोय नाही. शेवटी तोफेचा कोन आणि स्प्रिंगचा जोर खेळाडूने स्वतः ठरवायचा असं केलं. गोळी कुठे पडेल हे दाखवणारी रेघ दिली नाही, आणि नजर वरून न ठेवता तोफेच्या मागे, जमिनीलगत ठेवली. शिपाई पडला की नुसता हलला हे गेम होस्ट करणाऱ्याचं मशीन ठरवतं, त्यामुळे भांडणं मिटली. खेळ मात्र संथ झाला आणि गोळ्या भरपूर वाया जाऊ लागल्या.

तरी मी या बदलावर अडून बसलो, कारण पुस्तकाचा शेवट. तिथे वेल्स सांगतो की खऱ्या सैन्यातले अधिकारीही त्याच्या खेळात साध्या नियमांत गोंधळले. खेळण्यातली लढाई तीन-चारदा खेळून बघितली की खरं युद्ध केवढा मोठा घोटाळा असेल हे आपोआप समजतं, असं त्याचं सांगणं. सगळं काही मशीनने सफाईने करून दिलं तर तो घोटाळा खेळणाऱ्याला जाणवणार कसा?

दुर्दैव असं की वर्षभरात, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धाची थट्टा करणाऱ्या याच वेल्सने या युद्धाने युद्धंच संपतील अशी बाजू मांडली. तसं काही झालं नाही. त्याच वर्षीच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्याने अणुबाँबची कल्पना केली होती. ती कादंबरी १९३२ साली लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूंच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमा वेल्सच्या हयातीतच झालं. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये तो गेला.

आपल्या नाशिकजवळ देवळालीला लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. आपल्यातले काहीजण एसएसबीची तयारी करताहेत, काहीजण उद्या संरक्षणाच्या कामाचं सॉफ्टवेअर लिहितील. तिथे प्यादी शिशाची नसतील. अंतर, वेळ, बेरीज-वजाबाकी हे सगळं खुशाल मशीनला द्यावं. पण गोळी सोडायची की नाही आणि कोणावर, हे ठरवणारा माणूसच असावा आणि चूक झाली तर ती आपली म्हणायची त्याची तयारी असावी, असं मला वाटतं. यावर मेसमध्ये वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

‘लिटल वॉर्स’ इंटरनेटवर फुकट मिळतं, पुस्तक छोटंसंच आहे. जरूर वाचा. फक्त व्हायवाच्या आदल्या रात्री हातात घेऊ नका.